ज्यांच्या प्रत्येक आकड्याला पत्ता होता: लुईस फ्राय रिचर्डसन

फोनवर हवामानाचं ॲप उघडलं की शहराचं नाव, ढगाचं चित्र आणि संध्याकाळी पाऊस येणार की नाही ते दिसतं. हा अंदाज येतो कुठून? एखाद्या मोठ्या कॉम्प्युटरने सगळ्या पृथ्वीवर चौकोनी जाळं टाकलेलं असतं. बुद्धिबळाच्या पटावर असतात तशी त्यात घरं असतात. प्रत्येक घरात तापमान, हवेचा दाब, वारा, ओलावा असे आकडे असतात. तुमचं गाव ज्या घरात पडतं, त्या घरावरून किंवा आजूबाजूच्या घरांवरून काढलेला आकडा तुमच्या स्क्रीनवर येतो.

असं जाळं टाकून, निव्वळ आकडेमोडीने उद्याचं हवामान काढून बघणारा पहिला माणूस कॉम्प्युटरपुढे बसलेला नव्हता. तो पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची ॲम्ब्युलन्स चालवत होता. नाव लुईस फ्राय रिचर्डसन.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जाळ्यात मांडलेला डेटा, म्हणजे ग्रिड डेटा, माझ्याकडे रोज येतो आणि त्याचं साधं, स्वच्छ टेबल करणं हे माझं नेहमीचं काम. काम कंटाळवाणं आहे, पण इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. रिचर्डसन यांच्या आयुष्याकडे मी याच कामाच्या बाजूने बघतो. त्यांनी हवामान ग्रिडमध्ये मांडलं आणि युद्धं टेबलात मांडली. दोन्हीकडे एक गोष्ट पाळली: आकडा लिहायचा तर त्याचा पत्ताही लिहायचा.

आधी दोन मिनिटं: ग्रिड म्हणजे काय, टेबल म्हणजे काय

समजा, पुण्याच्या आसपासच्या सहा ठिकाणचा एका दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा आलाय (आकडे फक्त उदाहरणासाठी):

| | ७३.७५ | ७४.०० | ७४.२५ |
|---|---|---|---|
| १८.७५ | १२ | ५ | ० |
| १८.५० | २० | ८ | -९९९ |

वर रेखांश, डावीकडे अक्षांश आणि मध्ये पाऊस. ही झाली ग्रिड. इथे २० या आकड्याला स्वतःचा पत्ता नाही. तो कुठे बसलाय यावरून आपण पत्ता ओळखतो. जागेवरून उचलला तर तो नुसता २० राहतो.

हाच डेटा टेबलात असा होतो:

| अक्षांश | रेखांश | पाऊस |
|---|---|---|
| १८.७५ | ७३.७५ | १२ |
| १८.७५ | ७४.०० | ५ |
| १८.७५ | ७४.२५ | ० |
| १८.५० | ७३.७५ | २० |
| १८.५० | ७४.०० | ८ |
| १८.५० | ७४.२५ | माहिती नाही |

आता प्रत्येक ओळ स्वतःचा पत्ता सोबत घेऊन फिरते. ओळी उलटसुलट करा, अर्ध्या काढून टाका, दुसऱ्या टेबलाला जोडा, २० चा पाऊस कुठला होता हे हरवत नाही. अशा मांडणीला टायडी डेटा म्हणतात. हे नाव हॅडली विकहॅम यांच्या २०१४ च्या लेखामुळे रुजलं. नियम सोपे: प्रत्येक गुणधर्माला एक रकाना, प्रत्येक नोंदीला एक ओळ आणि एका प्रकारच्या नोंदींचं एक टेबल. ते -९९९ लक्षात ठेवा, त्याच्याकडे शेवटी येऊ.

क्वेकर घरातला मुलगा आणि धरणाचं गणित

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला झाला. सात भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. घर क्वेकर पंथाचं. हा ख्रिस्ती पंथ युद्धात शस्त्र उचलणं मान्य करत नाही. ही एक गोष्ट त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आडवी येणार होती.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधून १९०३ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी बऱ्याच नोकऱ्या केल्या. कधी राष्ट्रीय प्रयोगशाळेत, कधी दिव्यांच्या कंपनीत, तर कधी पीट काढणाऱ्या कंपनीत. पीट म्हणजे दलदलीत साठलेला, वाळवून जाळता येणारा वनस्पतींचा थर. त्यातून पाणी कसं झिरपतं याची समीकरणं त्यांच्यापुढे आली. ही समीकरणं कागदावर सरळ सुटत नव्हती. मग त्यांनी वेगळी वाट धरली. जमिनीवर जाळं टाकायचं, प्रत्येक घरात एक आकडा ठेवायचा आणि शेजारच्या घरांमधल्या फरकावरून तो पुन्हा पुन्हा सुधारत न्यायचा.

१९१० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांचा यावरचा शोधनिबंध छापला. उदाहरण होतं दगडी धरणाच्या भिंतीतल्या ताणाचं. आकडेमोड करायला त्यांनी मुलं कामाला लावली होती आणि मजुरी घरामागे दिली जायची, आकडे जितके लांब तितकी जास्त. त्यातला एक चलाख मुलगा आठवड्याला तीन आकडी संख्यांच्या सरासरी २,००० क्रिया करायचा आणि चुकलेल्या क्रिया त्यातून वजा व्हायच्या. त्या काळात कॉम्प्युटर हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरायचे. म्हणजे रिचर्डसन यांच्याकडे कॉम्प्युटर होते, फक्त ते हाडामांसाचे होते.

पृथ्वीवर बुद्धिबळाचा पट

१९१३ मध्ये ते ब्रिटिश हवामान खात्यात रुजू झाले आणि स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्युअर वेधशाळेचे प्रमुख झाले. जागा एकाकी, पाऊस भरपूर आणि विचार करायला वेळच वेळ. धरणासाठी वापरलेली पद्धत हवेला लावता येईल का, हा प्रश्न त्यांनी इथे हातात घेतला.

तेव्हा हवामानाचा अंदाज कसा करायचे? आजचा नकाशा बघायचा, जुन्या नकाशांमधून तसाच दिसणारा एखादा शोधायचा आणि तेव्हा पुढे जे घडलं तेच आता घडेल असं धरायचं. रिचर्डसन यांना हे पटत नव्हतं. वातावरण इतिहासाची नक्कल करत नाही, भौतिकशास्त्राचे नियम पाळतं, मग नियमांनीच हिशोब करूया, असा त्यांचा विचार.

त्यांनी युरोपच्या नकाशावर पट आखला. घरं उत्तर-दक्षिण साधारण २०० किलोमीटरची आणि पूर्व-पश्चिम ३ अंशांची. बुद्धिबळासारखी एकाआड एक दोन प्रकारची घरं: एका प्रकारात हवेचा दाब लिहायचा, दुसऱ्या प्रकारात वारा. वरच्या दिशेने वातावरणाचे पाच थर. म्हणजे पटावरचं प्रत्येक घर ही पाच मजली इमारतच झाली.

इथे ग्रिडच का घेतली? कारण वारा वाहतो तो शेजारच्या दाबातल्या फरकामुळे. हिशोबाला सतत शेजारी लागतो: डावीकडचा, उजवीकडचा, वरचा, खालचा. ग्रिडमध्ये शेजारी लगेच सापडतो. टेबलात तो लाखभर ओळींमध्ये शोधावा लागतो. हवामानाची मॉडेल्स आजही ग्रिडसारख्या रचनांवर चालतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

गवताच्या ढिगावरचं ऑफिस

महायुद्ध सुरू होतं. शस्त्र उचलायचं नाही हे पक्कं होतं, पण घरी बसायचंही नव्हतं. १९१६ मध्ये हवामान खात्याची नोकरी सोडून ते क्वेकरांच्या ॲम्ब्युलन्स पथकात ड्रायव्हर झाले. त्यांची तुकडी फ्रेंच सैन्याच्या एका डिव्हिजनला जोडलेली होती. दिवसरात्र जखमींना मागे आणायचं आणि विश्रांतीच्या पाळीत थंडगार जागेत गवताच्या ढिगावर बसून गणित करायचं.

तपासायला त्यांनी निवडला २० मे १९१० हा दिवस. त्या सुमारास युरोपात बऱ्याच ठिकाणांहून फुगे सोडून वरच्या हवेची मोजमापं घेतली गेली होती आणि नॉर्वेजियन शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी त्यांचे नकाशे छापले होते. सकाळी ७ ची स्थिती घ्यायची आणि सहा तासांत दाब व वारा किती बदलतो ते काढायचं. दिवस होऊन गेलेला होता, त्यामुळे उत्तर ताडून बघता येणार होतं.

सगळ्या पटाचा नाही, फक्त दोन ठिकाणचा हिशोब त्यांनी केला. एक दाबाचं घर, एक वाऱ्याचं. त्यासाठी छापील अर्जासारखे २३ तक्ते तयार केले. तक्ते आखणं आणि पहिल्यांदा भरणं, यातच जवळपास सहा आठवडे गेले.

या तक्त्यांच्या माथ्यावर बघा. तिथे रेखांश लिहिलाय, ११ अंश पूर्व. अक्षांश लिहिलाय, विषुववृत्तापासून ५,४०० किलोमीटर उत्तर, म्हणजे जर्मनीतल्या म्युनिकजवळ. क्षण लिहिलाय, २० मे १९१०, सकाळी ७. आणि किती वेळाचा हिशोब तेही लिहिलंय, ६ तास. प्रत्येक कागद स्वतःचा पत्ता माथ्यावर घेऊन होता. २३ कागद वाऱ्याने उडून विखुरले असते तरी कुठला कागद कुठला हे कळलं असतं. टायडी डेटाचा शब्द जन्मायच्या शंभर वर्षं आधी त्यांनी त्याचं मर्म पकडलं होतं.

आणि कागद खरोखरच हरवले. एप्रिल १९१७ मध्ये शॅम्पेनच्या लढाईच्या वेळी हस्तलिखित सुरक्षिततेसाठी मागच्या बाजूला पाठवलं आणि ते गायब झालं. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. तेव्हा क्लाउड बॅकअप नव्हता. कोळसा आधी जळला असता तर आज हा लेख लिहायला काही उरलं नसतं.

१४५: इतिहासातला एक प्रसिद्ध चुकीचा आकडा

उत्तर काय आलं? सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढेल. जमिनीवर हवेचा दाब साधारण १,००० मिलिबारच्या आसपास असतो आणि मोठ्या वादळातही सहा तासांत इतका बदल होत नाही. त्या दिवशी म्युनिकजवळ प्रत्यक्षात दाब जवळजवळ जागचा हललाही नव्हता.

दुसऱ्या कोणी हे प्रकरण गुपचूप मिटवलं असतं. रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनातर्फे आलेल्या आपल्या पुस्तकात ते सगळं छापलं. भरलेले तक्ते, मधल्या पायऱ्या आणि शेवटचा तो हास्यास्पद आकडा, सगळंच. गडबड सुरुवातीला घेतलेल्या वाऱ्यांच्या आकड्यांमध्ये असावी, असं त्यांचं मत होतं.

ते बरोबर दिशेने बघत होते. पुढे अनेक दशकांनी आयरिश हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तोच हिशोब कॉम्प्युटरवर पुन्हा केला. तेच आकडे घेतले तर उत्तर तेच आलं, १४५. म्हणजे गवताच्या ढिगावर बसून केलेली आकडेमोड मुळात बरोबर होती. मग लिंच यांनी सुरुवातीच्या आकड्यांमधला गोंधळ गाळून काढला. दाब आणि वारा यांचा एकमेकांशी मेळ नसला की हिशोबात फार वेगवान लाटा उठतात आणि खरा बदल त्यांच्याखाली बुडून जातो. गाळणी लावल्यावर बदल एक मिलिबारपेक्षाही कमी आला, प्रत्यक्षाच्या अगदी जवळ.

ही तपासणी शक्य का झाली? कारण छापलेल्या प्रत्येक आकड्याला जागा, उंची आणि वेळ होती. फक्त १४५ एवढंच छापलं असतं तर लोक हसले असते आणि विसरले असते.

६४,००० माणसांचा कॉम्प्युटर

त्याच पुस्तकात त्यांनी एक स्वप्नही मांडलं. गोल नाट्यगृहासारखी प्रचंड इमारत, आतल्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा आणि नकाशाच्या घराघरापाशी आकडेमोड करत बसलेली माणसं. मध्यभागी उंच चौथऱ्यावर एक प्रमुख. कुणी पुढे पळत असेल तर त्याच्यावर एका रंगाचा झोत, कुणी मागे पडत असेल तर दुसऱ्या रंगाचा. त्यांचा हिशोब होता २,००० ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी ३२ माणसं, म्हणजे ६४,०००.

आज अनेक प्रोसेसर एकाच वेळी एकेक तुकडा सोडवतात आणि शेजारच्या तुकड्याशी आकड्यांची देवाणघेवाण करतात. त्याला पॅरलल कॉम्प्युटिंग म्हणतात. वर्णन वाचलं तर ते नाट्यगृह आणि आजचं डेटा सेंटर यांच्यात फरक फक्त माणसांचा उरतो.

दोनदा सोडलेलं हवामान

युद्धानंतर ते पुन्हा हवामान खात्यात आले. पण १९२० मध्ये हे खातं हवाई दलाचा कारभार बघणाऱ्या मंत्रालयाखाली गेलं. त्यांनी राजीनामा दिला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजमध्ये शिकवायला लागले. हवेतल्या खळबळीवर संशोधन मात्र चालू ठेवलं. हवा शांत राहील की घुसळेल हे सांगणाऱ्या एका संख्येला आजही रिचर्डसन नंबर म्हणतात. १९२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्याच सुमाराला आणखी एक धक्का बसला. धूर आणि वायू हवेत कसे पसरतात, या त्यांच्या कामात सगळ्यात जास्त रस विषारी वायूच्या तज्ज्ञांना आहे असं लक्षात आलं. पत्नी डोरोथी यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, त्यांनी हवामानाचं संशोधन थांबवलं आणि जे छापलेलं नव्हतं ते नष्ट केलं. आज आपण मशीन लर्निंगचं मॉडेल कुणाच्या हाती जाईल यावर चर्चा करतो. या माणसाने आपल्याच हाताने आपलं काम संपवलं होतं.

युद्धांचं टेबल

मग केलं काय? पन्नाशीला टेकलेले असताना १९२९ मध्ये मानसशास्त्राची पदवी घेतली. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या पेझ्ली टेक्निकल कॉलेजचे प्राचार्य झाले आणि उरलेला वेळ एका प्रश्नाला दिला: युद्धं का होतात? १९४० मध्ये तर यासाठी त्यांनी प्राचार्यपदही सोडलं.

सगळे जण युद्धावर मतं मांडत होते. रिचर्डसन यांनी टेबल मांडलं. १८२० नंतरच्या जीवघेण्या भांडणांची यादी: प्रत्येक भांडण एक नोंद. कधी झालं, कुणाकुणात झालं, भाषा-धर्म-सीमा यांचा काय संबंध होता आणि किती मेले. मृतांची संख्या त्यांनी भूकंपाच्या मापासारखी मांडली. १० मेले तर १, १०० मेले तर २, १,००० मेले तर ३, दर पायरीला दहापट. एक खून शून्यावर येतो आणि दोन्ही महायुद्धं सातच्या आसपास. गल्लीतला खून आणि महायुद्ध एकाच रकान्यात! याचा अनेकांना धक्का बसेल, पण एकाच मापाने मोजल्याशिवाय तुलना कशी करणार?

इथे त्यांनी ग्रिड घेतली नाही, हे लक्षात घ्या. युद्धाला ठरलेलं शेजारचं घर नसतं. एका युद्धात दोन देश, दुसऱ्यात वीस. प्रश्नही वेगळे होते: किती, कधी, कुणामध्ये? असे मोजायचे, गाळायचे, गट करायचे प्रश्न असले की टेबल उपयोगी पडतं.

त्यांचं एक काम मला फार आवडतं. क्विन्सी राइट यांनी जमवलेल्या यादीत १५०० ते १९३१ या ४३२ वर्षांत २९९ युद्धं सुरू झाली होती. वर्षाला किती नवी युद्धं, हे रिचर्डसन यांनी मोजलं:

| वर्षात सुरू झालेली युद्धं | अशी किती वर्षं |
|---|---|
| ० | २२३ |
| १ | १४२ |
| २ | ४८ |
| ३ | १५ |
| ४ | ४ |

आता डेटावाल्यांसाठी खरी मेख. युद्धांच्या यादीत २९९ ओळी आहेत. त्यावर वर्षाप्रमाणे गट करून मोजणी केली तर २०९ वर्षंच मिळतील. ज्या २२३ वर्षांत नवं युद्ध सुरू झालंच नाही, ती वर्षं यादीत नाहीतच, मग मोजणीत येतील कुठून? तसंच सोडलं तर सरासरी निघते वर्षाला सुमारे १.४३ युद्धं. खरी सरासरी ०.६९, म्हणजे निम्म्याहून कमी! टेबलातून शांततेची वर्षं गळून पडली आणि जग दुप्पट भांडखोर झालं.

उपाय सोपा आहे. आधी १५०० ते १९३१ सगळी वर्षं मांडायची, मग मोजणी जोडायची आणि रिकाम्या जागी शून्य भरायचं. आर भाषेत यासाठी कम्प्लीट नावाचं फंक्शन आहे. काहीच घडलं नाही हीसुद्धा नोंद असते.

शून्यं धरून मोजल्यामुळेच त्यांना उत्तर सापडलं. निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या घटनांसाठी पॉइसनचं सूत्र असतं. त्यानुसार अपेक्षित वर्षं येतात सुमारे २१६, १५०, ५२, १२ आणि २. वरच्या टेबलाशी ताडून बघा. युद्ध कोणत्या वर्षी सुरू होईल हे फासे टाकल्यासारखं दिसतं. बरीच वर्षं शांततेत गेली म्हणून पुढचंही शांत जाईल, याची हमी हा डेटा देत नाही.

सीमा किती लांब? मोजपट्टीवर अवलंबून

ज्या देशांच्या सीमा जास्त देशांना लागतात त्यांची युद्धंही जास्त, असा संबंध त्यांना दिसला. म्हणून सीमांची लांबी बघायला गेले तर वेगळाच गोंधळ. स्पेन आणि पोर्तुगालमधली सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी १,२१४. हॉलंड-बेल्जियमची सीमा ३८० आणि ४४९. सीमा तीच, आकडे दोन.

कारण मोजपट्टीत होतं. मोठी पट्टी वळणं ओलांडून जाते, लहान पट्टी प्रत्येक वळणात शिरते. पट्टी लहान करत जाल तशी लांबी वाढत जाते. हे काम त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये छापून आलं. त्यावरून बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवर प्रसिद्ध लेख लिहिला आणि पुढे फ्रॅक्टल हा विषय उभा राहिला.

टेबल करणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे: ९८७ हा आकडा खोटा नव्हता, त्याचा एक रकाना गहाळ होता. कोणत्या पट्टीने मोजलं, तो रकाना. ग्रिडचंही तसंच. घर किती किलोमीटरचं आहे हे टेबलात लिहिलं नाही तर दोन ग्रिडमधले आकडे शेजारी ठेवून लोक भलतीच तुलना करतात.

शेवटचा नकाशा

१९५० मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनियॅक या कॉम्प्युटरवर हवामानाचा अंदाज काढला. २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागले, पण अंदाज हवामानासारखा दिसत होता. चार्नी यांनी निकाल रिचर्डसन यांना पाठवले. रिचर्डसन यांनी पत्नीला नकाशे दाखवले आणि नुसत्या नजरेने सांगायला लावलं की खऱ्या नकाशाशी जास्त जुळतो तो कॉम्प्युटरचा अंदाज की आजच्यासारखंच उद्या असं धरलेला नकाशा. डोरोथी यांचा कौल थोड्या फरकाने कॉम्प्युटरकडे गेला. रिचर्डसन यांनी चार्नी यांचं अभिनंदन केलं.

३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमधल्या किलमन इथे त्यांचं निधन झालं. युद्धांवरची त्यांची दोन मोठी पुस्तकं नीट छापून आली ती १९६० मध्ये.

आता तुमची पाळी

हात घालून बघायचा असेल तर भारतीय हवामान विभागाचा पुण्यातून प्रसिद्ध होणारा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा उत्तम आहे. १९०१ पासूनचा. घर पाव अंशाचं, पूर्व-पश्चिम १३५ आणि उत्तर-दक्षिण १२९. एका दिवसाचे १७,४१५ आकडे, ३६५ दिवसांच्या वर्षाचे ६३,५६,४७५. टेबल करताना हे चार मुद्दे तपासा.

१. क्रम. आर भाषा ग्रिड उलगडताना आधी पहिला रकाना वरून खाली वाचते, पायथॉनमधलं नमपाय सहसा आधी पहिली ओळ वाचतं. आकडे एका क्रमाने आणि पत्ते दुसऱ्या क्रमाने चिकटवले तर एररही येत नाही, फक्त कोकणातला पाऊस भलतीकडे जाऊन पडतो. आरमध्ये मध्ये टिंब असलेलं एक्सपांड ग्रिड पहिला घटक सगळ्यात भराभर बदलतं आणि टायडीआर पॅकेजमधलं अंडरस्कोरवालं एक्सपांड ग्रिड शेवटचा. नाव एक, वागणं उलट.

२. दिशा. या डेटात अक्षांश दक्षिणेकडून, ६.५ पासून सुरू होतात. युरोपच्या इरा-५ सारख्या डेटात ते उत्तर ध्रुवाकडून सुरू होतात. गृहीत धरू नका, फाइलची माहिती वाचा.

३. रिकाम्या जागा. आठवतंय ते -९९९? देशाबाहेरच्या किंवा माहिती नसलेल्या घरात हा आकडा असतो. तो पाऊस नाही. सरासरी काढण्याआधी त्याला माहिती नाही असं करा, पण शून्य करू नका. शून्य म्हणजे पाऊस मोजला आणि पडला नाही. रिचर्डसन यांच्या शांततेच्या वर्षांसारखी ती खरी नोंद आहे.

४. नकाशा. टेबल झालं की त्यातूनच परत नकाशा काढा. भारत सरळ उभा दिसला तर पत्ते बरोबर. आडवा किंवा उलटा दिसला तर पहिल्या दोन मुद्द्यांकडे परत जा.

ग्रिड आधीच रकान्यांच्या रूपात, म्हणजे वरच्या सहा आकड्यांसारखी असेल, तर पिव्हट लाँगर हे फंक्शन एका ओळीत काम करतं. फक्त रकान्यांची नावं मजकूर म्हणून येतात, त्यांना पुन्हा संख्या करायला विसरू नका.

आणि सगळंच टेबल करायची घाई नको. इरा-५ च्या एका तासाच्या एका गुणधर्माच्याच १०,३८,२४० ओळी होतात. शेजाऱ्यांशी हिशोब असेल तर ग्रिड राहू द्या. मोजायचं, गाळायचं, जोडायचं असेल तेव्हा टेबल करा.

पण आकडा ग्रिडमध्ये असो की टेबलात, त्याची जागा, वेळ आणि माप त्याच्यासोबत जाऊ द्या. रिचर्डसन यांचा अंदाज १४५ मिलिबारने चुकला होता. तरी तो पुढच्यांना दुरुस्त करता आला, कारण त्यांनी पत्ता लिहून ठेवला होता.